पहिल्या वाढदिवसाची अंगठी

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं, थोरल्याला शाळेत आशियाचा धडा लागला आहे आणि युद्धानंतर कोणता देश कसा वर आला याची त्यात एकेका पानाची हकिगत आहे. कोरियाच्या पानावर सोन्याची गोष्ट असली तर मला कळवा. नसली तर ही वाचा, कारण त्या पानातली एक बाई शारजात आमच्या समोरच्या दारात राहत होती.

आम्ही शारजातल्या अल मजाज भागात राहायला गेलो तेव्हा खाडीच्या काठाने निम्मी जागा मोकळी होती. बाल्कनीतून पाहिलं की वाळू, मग पाणी, मग पलीकडे पुन्हा वाळू. सुट्टीला पुण्याला जाऊन महिन्याभराने परत यावं, तर समोर एक नवी इमारत उभी असायची आणि तिच्या खिडक्यांतून कुणाचे तरी टॉवेल वाळत असायचे. तुमचे आजोबा याच कामातले, एअर कंडिशनिंगच्या डिझाइनचे इंजिनिअर. तरी तेही कधी कधी चहाचा कप हातात धरून नुसते बघत उभे राहत आणि म्हणत, "हे सगळं आपल्यासमोर झालं, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता."

समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ अशाच इमारती बांधणाऱ्या एका कोरियन कंपनीत साइटवर मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची बायको माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. वयाने माझ्याहून थोडी लहान, दोन्ही मुलगे मायदेशी कॉलेजात. मी पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि पुढे काही वर्षं शिकवलेलं, त्यामुळे मला शिकवणीची सवय होती. वही आखून, पुढच्या वेळचा पाठ आधी ठरवून मी बसत असे. ती मला 'टीचर' म्हणायची. माझ्याहून उंच असूनही दारातून आत येताना वाकायची. पुढे पुढे व्याकरण मागे पडलं आणि आम्ही बाल्कनीत बसून नुसत्या बोलू लागलो. शिकवणीचा तोच सगळ्यांत चांगला भाग होता असं आता वाटतं.

तिच्या लहानपणी त्यांच्या गावात वसंत ऋतू म्हणजे उपाशी दिवस. जुनं धान्य संपलेलं आणि शेतातला नवा जव अजून हिरवा, अशा त्या दिवसांत लोक पाइनच्या झाडाची आतली साल काढून उकडून खात. गावाजवळची झाडं उभी राहत ती नागडी. हे तिने सांगितलं तेव्हा ती ज्या खुर्चीत बसली होती तिच्या मागे तिच्या नवऱ्याच्या कंपनीची क्रेन वळत होती. तरुणपणी ती केसांच्या टोपांच्या कारखान्यात होती. अमेरिकेतल्या बायकांसाठी टोप, आणि केस कोरियन बायकांचे. मग रस्ते झाले, कारखाने झाले, जहाजं बांधली गेली, आणि ज्या देशात लोक झाडाची साल खात होते त्या देशाचा टीव्ही आमच्या हॉलमध्ये आला. एकाच बाईच्या आयुष्यात हे सगळं बसलं होतं. मी तिच्या हातांकडे बघायची आणि मला खरंच कळायचं नाही की एवढं सगळं एका माणसाने पाहायचं कसं.

तिला एक धाकटा भाऊ होता. ऐंशी साली त्यांच्या शहरात लोक लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि सैन्याने गोळ्या घातल्या. तो कॉलेजात होता. परत आला नाही. हे तिने एकदाच सांगितलं, तेही खाडीकडे बघत. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याचं नाव घराबाहेर मोठ्याने घेता येत नसे, कारण सरकारच्या लेखी मेलेले सगळे दंगलखोर होते.

आता सत्त्याण्णव सालाच्या शेवटाकडे या. पूर्वेकडचे देश एकामागून एक कोलमडायला लागले. ज्यांची आम्ही वर्षानुवर्षं उदाहरणं दिली त्यांचं चलन पडलं, कंपन्या बुडाल्या, कर्ज मागायला लोक परदेशी दारात उभे राहिले. आमच्या आवारातली दोन कोरियन बिऱ्हाडं सामान बांधून गेली. त्याच सुमाराला आमच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. मूळचे विट्याकडचे, दुबईत देराच्या सोन्याच्या बाजारामागे त्यांचं सोनं गाळायचं छोटं दुकान होतं. दर गणपतीला आरतीला येत, म्हणून सगळ्यांना परिचयाचे.

चहा पिता पिता ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या समोरच्या चिनी बाई बाजारात दिसल्या."

"कोरियन," मी म्हटलं.

"त्याच. दोनदा दिसल्या. बाळाच्या अंगठ्या आहेत त्यांच्याकडे, चांगल्या चोवीस कॅरेटच्या. दुकानदाराला काट्यावर ठेवायला सांगतात, बघतात, आणि परत रुमालात बांधतात."

खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण तेव्हा माझ्याकडेच बसली होती. ती ठाण्याची, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. कुठलीही किंमत दिरहममध्ये सांगून लगेच रुपयांत सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ते गृहस्थ गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"अगं, बाई सोनं घेऊन सोनाराकडे दोनदा कशाला जाते? एकदा विचारायला आणि एकदा मोडायला. तिच्या नवऱ्याची नोकरी गेलेली आहे. खलास."

मला ते पटलं. तुम्हाला हे नीट कळावं म्हणून सांगते. आपल्या बायका दागिना करतात, मिरवतात, मुलीला देतात, अडचणीत गहाणही ठेवतात, पण मोडत नाहीत. माझी सासू म्हणायची, घर मोडलं तरी चालेल, दागिना मोडू नये. तेव्हा बाई लेकरांच्या अंगठ्या घेऊन काट्यापुढे उभी राहिली याचा आमच्या लेखी एकच अर्थ होता. त्यात आणखी पुरावा मिळाला. रमजान सुरू झाला होता आणि तिचा नवरा भर दुपारी लिफ्टमध्ये दिसू लागला, हातात दुधाची बाटली आणि पायात सपाता.

तुमचे आजोबा एवढंच म्हणाले, "तू विचारलंस का तिला?"

असं कसं विचारणार? नोकरी गेलेल्या घराला नोकरी गेली का म्हणून कोणी विचारतं? पुरुषांना सगळ्या गोष्टी सोप्या वाटतात.

आम्ही विचारलं नाही. डबे पाठवले. पहिल्या दिवशी मी थालीपीठ आणि लोणी दिलं, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने पुरणपोळ्या. आमच्या मराठी मंडळातल्या आणखी दोघींनी वार वाटून घेतले, कारण मी लगेच आठवड्याचं पत्रक केलं होतं. तुमची आई तेव्हा दुबईत पहिल्या नोकरीला लागली होती. ते पत्रक फ्रिजवर बघून ती म्हणाली, "आई, प्लीज, दिस इज सो एम्बॅरसिंग." मी तिला म्हटलं, संकटात माणसाने माणसाकडे जावं यात एम्बॅरसिंग काय आहे?

समोरच्या बाईची मात्र तारांबळ उडाली असणार, कारण त्यांच्यातही आपल्यासारखीच पद्धत आहे, आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. डब्यातून आधी किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं तिखट लोणचं, आली, मग डोक्याएवढे पेअर, मग मधात घातलेली आल्याची चकती. माझी मैत्रीण ते पेअर हातात तोलत म्हणाली, "नोकरी गेलेल्या घरातून एवढी महाग फळं? बाई उधळी आहे. म्हणूनच सोनं मोडायची वेळ आली."

शेवटी त्या मैत्रिणीनेच मार्ग काढला. बाजारात मोडलं की सोनं कायमचं गेलं. त्यापेक्षा अंगठ्या आपण चौघींनी घ्यायच्या, सांभाळून ठेवायच्या आणि समोरच्या बाईचे दिवस फिरले की जशाच्या तशा परत करायच्या. मैत्रिणीच्या माहेरी असं करायचे. एका सकाळी आम्ही दोघी समोरचं दार वाजवायला गेलो. मी काय बोलायचं ते इंग्रजीत मनात जुळवून ठेवलं होतं, मानी माणसाला लागू नये असं.

दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. अंगावर साइटचे कपडे, काखेत हेल्मेट, डोळे लाल. रमजानमध्ये साइटचं काम रात्री चालतं, ते तेवढ्यात घरी येत होते. आम्हा दोघींकडे बघून ते वाकले, "फूड व्हेरी गुड, थँक्यू, व्हेरी गुड," म्हणाले आणि झोपायला गेले.

आम्ही दारातच उभ्या. मग त्यांची बायको आली, आणि मी जुळवलेलं सगळं विसरून सरळ विचारलं. तिने ऐकलं, तोंडावर हात ठेवला आणि हसत हसत भिंतीला टेकली. मैत्रीण माझ्या कानाशी पुटपुटली, "म्हणजे आपण नोकरीवाल्याला तीन आठवडे जेवायला घातलं?"

पण हसणं संपल्यावर तिने आम्हाला बसवलं आणि खरी गोष्ट सांगितली. नोकरी होती, पगार मात्र कापला होता. सोनं तिच्या देशाला हवं होतं. कर्ज फेडायला सरकारकडे डॉलर नव्हते, तेव्हा लोकांनी घरातलं सोनं द्यायचं ठरवलं होतं. ते गाळून, बाहेर विकून, देश कर्जातून सोडवायचा. त्यांच्याकडे मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला सोन्याची अंगठी देतात, आपण वाळे घालतो तशी. बँकांपुढे थंडीत रांगा लागल्या होत्या आणि बायका मुलांच्या त्या अंगठ्या, लग्नाच्या अंगठ्या, सासूच्या केसांतल्या पिना काढून देत होत्या. कोणी कोणाला सक्ती केली नव्हती.

मला माझी आई आठवली. बासष्ट साली चीनशी युद्ध झालं तेव्हा शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं, आणि आईने हातातली एक पाटली उतरवून तिथे दिली होती. दुसरी शेवटपर्यंत एकटीच तिच्या हातात होती. हे मी त्या बाईला सांगितलं.

"तुझ्या आईने परत मागितली?" तिने विचारलं.

"कधीच नाही."

मैत्रीण मात्र म्हणाली, "एक्क्याण्णव साली सरकारने आपलं सोनं विमानात घालून परदेशी गहाण टाकलं, तेव्हा आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?" मी म्हटलं. तिचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला, आणि ते पाहून तिलाच हसू आलं.

मैत्रीण गेल्यावर समोरच्या बाईने मला थांबवून घेतलं. आतून रुमाल आणला आणि उलगडला. दोन अंगठ्या तिच्या मुलांच्या होत्या, त्या द्यायला तिची काही हरकत नव्हती. तिसरी बारीक होती, तारेसारखी, आणि एका बाजूला दबलेली. ती भावाची. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला घरात पैसा नव्हता, म्हणून आईने केस कापून विकले होते आणि ही केली होती. चोवीस कॅरेटचं सोनं मऊ असतं. त्याने लहानपणी ती चावली होती, त्या दातांची खूण होती ती. तो गेल्यावर घरी पोलीस येऊ लागले, तेव्हा आईने अंगठी हिच्याकडे दिली होती, आणि हिने ती देशोदेशी बरोबर नेली होती.

आता आईचा फोन आला होता की तिघांच्या अंगठ्या घेऊन ये, आपण रांगेत जाऊ.

"मला द्यायची नाही," ती म्हणाली. त्याच डिसेंबरात, ज्या सेनापतींनी गोळ्या घालायला लावल्या त्यांना तुरुंगातून माफी देऊन सोडलं होतं. हे खरं की, एकेकाळी त्यांच्याच राजवटीने ज्याला फाशी सुनावली होती तोच त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला होता. आई म्हणे, आता देश आपला आहे. हिला ते पटत नव्हतं.

"टीचर, माझा भाऊ नेला तेव्हा त्यांनी पावती दिली नव्हती."



तिने रुमालाचं दुसरं टोक सोडलं. त्यात चौथी अंगठी होती, तशीच बारीक, पण गुळगुळीत आणि चकचकीत. बाजारात दोनदा गेली होती ती यासाठी. भावाच्या अंगठीच्या वजनाचं सोनं घेऊन, तशीच दिसणारी करून आणली होती. बँकेत ही द्यायची, ती लपवून ठेवायची. आई म्हातारी होती, डोळ्यांना कमी दिसायचं. तिला कळणार नव्हतं.

मला विचारलं असतं तर मी हेच कर म्हणाले असते. सरकारला सोनं मिळेल, आईला समाधान मिळेल, आणि भाऊ बहिणीकडे राहील. तिने विचारलं नाही. यजमानांच्या सुट्टीची वाट न बघता ती त्याच आठवड्यात एकटी विमानाने गेली. मी रोज समोरच्या बंद दाराकडे बघायची. रात्रपाळी करून येणाऱ्या तिच्या नवऱ्याला आम्ही डबा चालूच ठेवला, पत्रकाप्रमाणे.

ईदनंतर ती परत आली. बाल्कनीतल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. मग सगळं सांगितलं. मी ते तिच्याच क्रमाने लिहिते.

बर्फ पडत होतं. त्यांच्या शहरातल्या बँकेपुढे रांग रस्त्यापर्यंत आली होती. पुढे एक पहिलवान खेळाडू आपलं पदक घेऊन उभा होता, मागे एक नवी नवरी. टेबलाशी पोचल्यावर हिच्या मुलांच्या अंगठ्या काट्यावर ठेवल्या, पावत्या झाल्या. मग आईने हिच्याकडे हात पुढे केला. हिने नवी अंगठी आईच्या तळहातावर ठेवली. आईने मूठ मिटली, जरा वेळ मिटलेलीच ठेवली, आणि मग अंगठी काट्यावर ठेवली.

टेबलामागची मुलगी कोवळी होती. पावती कोणाच्या नावाने करू, म्हणाली. आईने मुलाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, मोठ्याने. मुलीने लिहिलं आणि विचारलं, ते स्वतः आले आहेत का?

"तो ऐंशी साली गेला," आई म्हणाली. "मे महिन्यात. इथेच."

त्या शहरात याहून जास्त सांगावं लागत नाही. ती मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली. आईपुढे खाली वाकली. मग पावती हातात घेऊन तिने ते नाव, बाकीच्यांची पुकारत होती तसंच, पण जरा सावकाश पुकारलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

"इतकी वर्षं आम्ही ते नाव उशीत तोंड खुपसून घेत होतो," ती मला म्हणाली. "आणि तिथे ते अनोळखी माणसांपुढे पुकारलं गेलं. दंगलखोर म्हणून नाही. देणारा म्हणून."

हिच्या कोटाच्या आतल्या खिशात खरी अंगठी होती. हिने ती काढली आणि टेबलावर ठेवली. मुलीने विचारलं, ही कोणाच्या नावाने? हिने पुन्हा तेच नाव सांगितलं.

घरी पोचून बूट काढताना आई म्हणाली, "पहिली नवी होती ते मला मूठ मिटल्यावरच कळलं. तिच्यावर दातांची खूण नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"मी माझं दिलं. तुझं तुला द्यायचं होतं."

सांगून झाल्यावर तिने पर्समधून दोन पावत्या काढून मला दाखवल्या. मला कोरियन वाचता येत नाही. तिने दोन्हींवर एकाच ठिकाणी बोट ठेवलं, आणि मी नावाच्या त्या तीन अक्षरांकडे बघत राहिले. खाली खाडीवर संध्याकाळचं पाणी होतं आणि पलीकडे कोणती तरी नवी इमारत आदल्या दिवसापेक्षा उंच झाली होती. लोक म्हणतात देश उभा राहतो तो कारखान्यांनी आणि कर्जांनी. असेलही. मी पाहिलं ते हे, आणि त्याच्या आश्चर्यातून मी अजून बाहेर आलेली नाही.

दोन हजार सालानंतर त्यांची कंपनी सावरली आणि यजमानांना परत बोलावलं. जाताना तिने घरातली भांडी आम्हाला वाटली, आणि एकही रिकामं दिलं नाही. आम्ही आणखी काही वर्षं तिथेच होतो. ती वर्षाला एक कार्ड पाठवायची, दर वर्षी इंग्रजी सुधारलेलं.

थोरल्या, तुझा पहिला वाढदिवस होता तेव्हा शारजाच्या पत्त्यावर एक छोटं पार्सल आलं, आणि मी ते तुझ्या आईकडे पाठवलं. त्यात बाळाची अंगठी होती, बारीक, चोवीस कॅरेटची. धाकटीच्या वेळीही आली. तुझी तू लगेच तोंडात घातली होतीस. नीट बघ, एका बाजूला खूण असेल. दोन्ही तुमच्या आईच्या कपाटात, निळ्या डबीत आहेत.

माझ्या सासूने मला सांगितलं तसं मीही तुमच्या आईला सगळ्या दागिन्यांबद्दल सांगून ठेवलं आहे, मोडू नकोस म्हणून. या दोन अंगठ्यांबद्दल तसं मी सांगितलेलं नाही. त्या तुमच्या आहेत. कधी तशीच वेळ आली तर त्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.